फुगलेला ब्रेड मधोमध का खचतो : ब्रेड मशीन, आपलं पीठ आणि उन्हाळा

काचेतून पाहावं तर ब्रेड छान वर आलेला असतो. डब्याच्या काठावर गोल माथा दिसतो, यीस्टचा गोडसर वास स्वयंपाकघरात पसरलेला असतो. अर्ध्या तासाने पुन्हा डोकवावं तर मधोमध खड्डा. कडा उभ्या, माथा आत गेलेला. कापला की वरच्या भागात मोठमोठी भोकं आणि तळाशी गच्च, ओलसर थर. एकदा झालं तर माणूस सोडून देतो, पण हे दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला होत राहतं. माझ्या ओळखीतल्या तीन घरांत तरी ब्रेड मशीन याच एका कारणाने माळ्यावर गेलं आहे. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण यातला जवळजवळ प्रत्येक ब्रेड वाचवता येतो.

मी नागपूरला राहते. मशीन घेतलं ते जानेवारीत. पहिले सात-आठ ब्रेड इतके सुंदर झाले की शेजारच्या काकूंकडे अर्धा ब्रेड पाठवायची सवय लागली. एप्रिल उजाडला आणि खचायला सुरुवात झाली. कृती तीच, यीस्टचा डबा तोच, पीठ त्याच दुकानातलं. मशीन बिघडलं असं समजून ते दुरुस्तीला नेलं. तिथल्या माणसाने चालवून पाहिलं आणि काहीच बिघाड नाही म्हणून परत दिलं. तो बरोबर होता. बदललं होतं ते माझं स्वयंपाकघर.

ब्रेड मशीन घड्याळावर चालतं. इतकी मिनिटं मळायचं, इतकी मिनिटं थांबायचं, मग भाजायचं, एवढंच त्याला ठाऊक असतं. आत गोळा किती फुगला आहे हे त्याला दिसत नाही. गोळा मात्र घड्याळ ओळखत नाही, तो गरमी ओळखतो. थंडीत जे फुगणं पन्नास मिनिटांत होतं, ते मे महिन्यात पंचवीस-तीस मिनिटांत उरकतं. मशीन तरीही पन्नास मिनिटं थांबतंच. उरलेल्या वेळात यीस्ट वायू सोडत राहतं, कणकेच्या आतले पडदे ताणून ताणून पातळ होतात आणि शेवटी सगळा डोलारा स्वतःच्याच वजनाने बसतो. इडलीचं पीठ उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवलं तर सकाळी ते उतू जाऊन मग खाली बसलेलं असतं. अगदी तोच प्रकार.

आधी एवढंच बघा : खचला नेमका कधी?

बहुतेकजण खचलेला ब्रेड बाहेर काढून कारण शोधायला लागतात. तोवर अर्धा पुरावा निघून गेलेला असतो. एक दिवस मशीनजवळ थांबा, हातात मोबाइलचा टॉर्च घ्या आणि झाकण न उघडता काचेतून दर दहा मिनिटांनी बघा. माथा कोणत्या वेळी बसला, त्यावरून कारण हाती लागतं.

भाजणं सुरू व्हायच्या आधीच माथा सपाट झाला असेल, पृष्ठभागावर बुडबुडे दिसत असतील, तर कणीक जास्त आंबली आहे किंवा फार सैल भिजली आहे. भाजायला लागल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बसला तरी दोष बहुधा आंबण्याचाच. सुरुवातीच्या गरमीत यीस्ट शेवटचा जोर लावतं, वायूही प्रसरण पावतो, आणि आधीच पातळ झालेले पडदे तो ताण सोसू शकत नाहीत. पूर्ण भाजून होईपर्यंत माथा उभा होता आणि बाहेर काढल्यावर बाजू आत दबल्या, कमरेत चिमटा घेतल्यासारखा ब्रेड दिसायला लागला, तर तो आतून कच्चा राहिला आहे किंवा डब्यातच वाफेत बसून राहिला आहे. आणि मुळात वरच आला नसेल तर प्रश्न वेगळा. तिथे यीस्ट मेलेलं असतं नाहीतर कणीक कोरडी राहिलेली असते. त्याला खचणं म्हणू नये.

माझ्या वहीतल्या नोंदी सांगतात की एप्रिल ते जूनमधला जवळजवळ प्रत्येक खचलेला ब्रेड पहिल्या दोन प्रकारांतला होता. म्हणून त्यावरच जास्त बोलते.

पाण्यापासून सुरुवात

मशीनबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, कोमट पाणी घाला. ती सूचना थंड देशातल्या स्वयंपाकघरासाठी ठीक आहे. नागपुरात मे महिन्यात दुपारी नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. मी इमानाने तेच पाणी मोजून घालत होते.

एकदा दूध तपासायचा थर्मामीटर घेऊन बसले आणि सगळं मोजलं. स्वयंपाकघर ३५ अंश, डब्यातलं पीठ ३४, नळाचं पाणी ३८. मळून झाल्यावर गोळ्याच्या पोटात थर्मामीटर खुपसला तर काटा ३८ च्या वर. ब्रेडची कणीक मळून झाल्यावर साधारण २५ ते २८ अंशांवर असावी. म्हणजे मी दहा अंश जास्त गरम गोळा मशीनच्या हवाली करत होते, आणि मशीन फुगण्याच्या वेळी त्यालाच वर आणखी ऊब देत होतं.

दुसऱ्या दिवशी माठातलं पाणी घेतलं, २५ अंश. गोळा ३४ वर आला. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही. मग बेकरीवाले वापरतात तो साधा हिशेब केला. तो प्रत्येकाने एकदा करून बघावा, कारण त्यानंतर अंदाजाने काही करावं लागत नाही.

मळून झालेल्या गोळ्याचं तापमान घ्या आणि त्याला तीनने गुणा. माझं आलं ३४ गुणिले ३, म्हणजे १०२. त्यातून खोलीचं, पिठाचं आणि पाण्याचं तापमान वजा करा. ३५, ३४ आणि २५ मिळून ९४. उरले ८. हे आठ अंश म्हणजे मळताना घर्षणाने तुमचं मशीन जी गरमी भरतं ती. प्रत्येक मशीनचा आकडा वेगळा असतो, पण एकदा काढला की तुमच्या मशीनसाठी तो फारसा बदलत नाही. आता उलट जा. गोळा २७ अंशांवर हवा असेल तर २७ गुणिले ३, ८१. त्यातून आजच्या खोलीचे ३६, पिठाचे ३५ आणि घर्षणाचे ८ काढा. उरतात फक्त २. म्हणजे मे महिन्यात पाणी बर्फाचंच हवं. डिसेंबरात स्वयंपाकघर २० आणि पीठ १९ असतं, तेव्हा हाच हिशेब ३४ अंशांचं कोमट पाणी सांगतो. पुस्तिका डिसेंबरात बरोबर होती.

बर्फ घालताना तो पाण्याच्या वजनातच धरायचा. २७० ग्रॅम पाणी हवं असेल तर भांडं काट्यावर ठेवून बर्फ आणि पाणी मिळून २७० करायचं, बर्फ विरघळू द्यायचा, मग ओतायचं. खडे तसेच टाकले तर ते पात्याखाली अडकतात आणि डब्याच्या आतल्या लेपाला चरे पडू शकतात. पीठही आदल्या रात्री हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं तर पाणी इतकं गार करावं लागत नाही.

गिरणीवरून दळून आणत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. ताजं दळलेलं पीठ पिशवीतून हाताला गरम लागतं. ते तसंच मशीनमध्ये ओतलं की सगळा हिशेब कोलमडतो. परातीत पसरून पूर्ण निवू द्या, निदान अर्धा दिवस जाऊ द्या.

आणखी एक अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. बऱ्याच मशीनमध्ये गव्हाच्या ब्रेडच्या प्रोग्रामला सुरुवातीला वीस-तीस मिनिटं काहीच हालचाल होत नाही. त्या वेळात मशीन आतलं सामान एकसारखं उबदार करत असतं. थंड हवेत ते चांगलंच, पण उन्हाळ्यात तुम्ही बर्फाचं पाणी घालता आणि मशीन मळायच्या आधीच ते कोमट करून ठेवतं. एप्रिल ते जून मी तो प्रोग्राम वापरत नाही. साधाच लावते.

यीस्ट कमी, आणि उशिरा

पुस्तिकेतल्या कृतीत ४०० ग्रॅम पिठाला ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट होतं. थंडीत मी तेवढंच घालते. उन्हाळ्यात ३ ग्रॅम, म्हणजे मोजमापाचा एक सपाट लहान चमचा. हात राखून घाला. यीस्ट कमी झालं तर ब्रेड थोडा ठेंगणा होतो पण खातो आपण आवडीने. जास्त झालं तर खचतो आणि वर यीस्टचा उग्र वासही येतो.

दुसरा उपाय मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्यामागे एक गोष्ट आहे. घरगुती ब्रेड मशीन जपानमधलं. मात्सुशिता (आताची पॅनासॉनिक) कंपनीने १९८७ साली आपलं मशीन बाजारात आणलं. ते बनवताना त्यांचा ब्रेड आतून कच्चा आणि बाहेरून जळका निघत होता, तेव्हा इकुको तनाका या त्यांच्या सहकारी ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे मळणं शिकायला गेल्या. तो बेकर गोळा नुसता दाबत नाही, ताणून पीळ देतो, हे त्यांनी हातांनी शिकून घेतलं. तो पीळ यावा म्हणून डब्याच्या आतल्या भिंतींवर उभ्या कडा काढल्या गेल्या. तुमच्याही मशीनच्या डब्यात त्या असतील, बोट फिरवून बघा. पुढे याच लोकांना उन्हाळ्याचा प्रश्न भेडसावला : हवा गरम असली की कणीक जास्त आंबते. त्यांनी काढलेली तोड अशी की यीस्ट सुरुवातीला घालायचंच नाही, मळण्याच्या शेवटच्या टप्प्यात घालायचं. ज्यांच्या मशीनच्या झाकणात यीस्टचा वेगळा कप्पा असतो आणि तो मधेच टक्कन उघडतो, त्यांना हे आपोआप मिळतं.

माझ्या मशीनला कप्पा नाही. म्हणून मी पीठ, पाणी, मीठ, साखर, तेल घालून मशीन सुरू करते, दहा मिनिटं मळू देते, मग झाकण उघडून फिरत्या गोळ्यावर इन्स्टंट यीस्ट चिमटीने चहूबाजूंनी भुरभुरते. गोळा ओलसर असल्याने ते पाच-सात मिनिटांत पूर्ण मिसळतं. यात आणखी एक फायदा आहे. कोरडं इन्स्टंट यीस्ट थेट बर्फाच्या पाण्यात पडलं तर त्याची ताकद घटते. भिजलेल्या गोळ्यावर पडलं तर तसा धक्का बसत नाही. मात्र मोठ्या दाण्याचं साधं ड्राय यीस्ट असेल तर हे चालणार नाही. ते आधी दोन चमचे कोमट पाण्यात फुलवून घ्यावं लागतं.

यीस्ट जिवंत आहे का याची शंका असेल तर अर्धी वाटी कोमट पाण्यात एक लहान चमचा साखर आणि तेवढंच यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. वर जाड फेस आला पाहिजे. उघडलेलं पाकीट आमच्याकडे ओट्यावर महिनाभरही टिकत नाही. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, फ्रीजरमध्ये ठेवा.

मीठ कमी करण्याआधी विचार करा

हे मी स्वतः चुकून शिकले. सासऱ्यांना रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलं होतं, म्हणून त्यांच्यासाठी एकदा अजिबात मीठ न घालता ब्रेड लावला. तो झाकणाला जाऊन चिकटला आणि मग असा बसला की मधली जाडी दोन बोटंही उरली नाही. मीठ फक्त चवीला नसतं. ते यीस्टचा वेग आवरतं आणि कणकेला ताण सोसायचं बळ देतं. ४०० ग्रॅम पिठाला ७ ग्रॅम मीठ हे ठीक प्रमाण आहे. त्याच्या चौदा चकत्या केल्या तर एका चकतीत अर्धा ग्रॅम मीठ येतं. सासऱ्यांच्या ब्रेडमध्ये मी आता निम्मं घालते आणि यीस्ट २ ग्रॅमवर आणते. बऱ्यापैकी उभा राहतो. पूर्ण बिनमिठाचा करण्याच्या फंदात मात्र मी पुन्हा पडले नाही.

गोळा बघायला शिका

तापमान सांभाळूनही खचत असेल तर पाणी जास्त पडतंय. इथे वाटीचं माप घात करतं. वाटीने पीठ डब्यातून खुपसून घेतलं तर ते दाबून भरलं जातं, चमच्याने हलकेच भरलं तर तीच वाटी वीस-पंचवीस ग्रॅमने हलकी भरते. शिवाय मशीनबरोबर आलेला कप आणि घरातली वाटी सारखी असेलच असं नाही. वजनकाटा घ्या. मशीनवर एवढे पैसे घातलेत, तर चार-पाचशे रुपयांच्या काट्याला मागेपुढे पाहू नका.

मळायला लागून सात-आठ मिनिटं झाली की झाकण उघडा. या टप्प्यावर उघडल्याने काहीही बिघडत नाही. दिसायला हवं ते असं : एकच गोल गोळा, भिंतींपासून सुटलेला, तळाशी पात्याजवळ किंचित चिकटलेला, फिरताना भिंतीला थापटत जाणारा. बोट लावलं तर चिकटतो पण बोटावर राहत नाही. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, पुरणपोळीसाठी तेलाचा हात लावून मळतो त्या कणकेच्या जवळपास. डब्याच्या भिंतींवर लगदा पसरला असेल तर चमचाभर पीठ घाला आणि दोन मिनिटं थांबून मग ठरवा. गोळ्यावर भेगा असतील, मशीन धडधडत असेल, तर चमचाभर पाणी.

गव्हाचं पीठ असेल तर मात्र दहा मिनिटं धीर धरा. कोंडा पाणी हळू पितो. सुरुवातीला लगदा वाटणारी कणीक दहाव्या मिनिटाला बरोबर असते. घाईने दोन चमचे पीठ वाढवलं की तोच ब्रेड विटेसारखा होतो. माझ्या जावेचं हेच होत होतं. तिचा ब्रेड कधी खचायचा नाही, कारण तो कधी फुगायचाच नाही.

पावसाळ्यात पीठ हवेतला ओलावा धरतं. तेव्हा १० ते १५ मिली पाणी आधी मागे ठेवायचं आणि गोळा बघून लागलं तर घालायचं. उन्हाळ्यात कूलरचं तोंड स्वयंपाकघराकडे असेल तर हाच नियम.

आपलं पीठ पोळीचं आहे

गहू शंभर टक्के घालून मैद्यासारखा उंच ब्रेड व्हावा, ही अपेक्षा अनेकांना खचलेल्या माथ्याकडे नेते. दगडी जात्यावर दळताना पिठातला स्टार्च बऱ्यापैकी दुखावतो. त्यामुळे ते पाणी जास्त पितं आणि पोळी मऊ राहते. पोळीला जे वरदान तेच उंच ब्रेडला अडचणीचं. त्यात कोंड्याच्या बारीक धारा कणकेतले ताणलेले पडदे फाडतात. असं पीठ फुगण्याची मर्यादा लवकर गाठतं आणि गाठली की लगेच बसतं. मैद्याची कणीक दहा मिनिटं जास्त आंबली तरी चालवून घेते, गव्हाची घेत नाही.

लोकवन किंवा सिहोर, चांगला गहू असेल तर निम्म्यापर्यंत तो आणि बाकी मैदा, इथपर्यंत ब्रेड उत्तम होतो. खपली पोळीला आणि खिरीला कितीही गुणाची असली तरी तिच्यातलं ग्लुटेन, म्हणजे कणकेला तार देणारं प्रथिन, ब्रेडचा भार पेलत नाही. खपली घालायचीच तर पाव हिश्श्यावर थांबा. मैदा घेताना पाकिटावर शंभर ग्रॅममागे प्रथिनं किती ते वाचा. ११ ग्रॅमच्या आसपास असेल तर घ्या, ९ असेल तर तो नानखटाईला ठेवा.

गहू जास्त ठेवायचा असेल तर दोन गोष्टींनी खरा फरक पडतो. एक, बाजारात मिळणारं गव्हाचं ग्लुटेन, ४०० ग्रॅम पिठाला दोन मोठे चमचे. दुसरी बिनखर्चाची आहे : कणीक मुरू देणं. पीठ आणि गार पाणी घालून मशीन तीन मिनिटं फिरवा, बंद करा, अर्धा तास तसंच राहू द्या, मग बाकीचं घालून प्रोग्राम सुरुवातीपासून लावा. पुरणपोळीची कणीक भिजवून ठेवतो ती ज्या कारणाने, त्याच कारणाने. कोंडा भिजून मऊ होतो आणि कणकेला आपोआप तार येते. उन्हाळ्यात हा अर्धा तास डबा उचलून फ्रिजमध्ये ठेवायचा.

बेकरीचा ब्रेड कसा खचत नाही, असं मला नेहमी विचारतात. तिथे मळणं जोरकस असतं, पीठ निवडून घेतलेलं असतं, वर सुधारक, म्हणजे कणकेला बळ देणारे पदार्थ, मिसळलेले असतात. पोटॅशियम ब्रोमेट हा त्यातलाच एक सुधारक. २०१६ मध्ये भारतात त्याच्यावर बंदी आली. घरी यातलं काही लागत नाही, पण त्यांची स्थिरता घरच्या पिठाकडून मागूही नये.

फुगताना हस्तक्षेप करा

आता सगळ्यात उपयोगाचं. सगळं करूनही एखाद्या दिवशी गोळा घड्याळाच्या पुढे पळतो. शेवटच्या फुगण्यात साधारण अर्धा वेळ गेला की झाकण एकदाच, पटकन उघडा. पिठाचं बोट गोळ्याच्या कडेला अर्धा इंच दाबा. खळी झटकन भरून आली तर त्याला वेळ हवा आहे, झाकण लावा. हळूहळू अर्धी भरली, तर तो भाजायला तयार आहे, घड्याळात पंचवीस मिनिटं उरली असली तरी. अशा वेळी चालू प्रोग्राम बंद करा आणि फक्त भाजण्याचा प्रोग्राम लावा. ७५० ग्रॅमच्या ब्रेडला मी ५० ते ५५ मिनिटं देते. ते एक बटण दाबायला मला चार महिने लागले, आणि त्या बटणाने माझा निम्म्याहून जास्त प्रश्न सोडवला.

खळी भरलीच नाही, उलट आजूबाजूचा भागही बसला, तर वेळ निघून गेली आहे. तरी भाजू नका. गोळा बाहेर काढा, तेलाच्या हाताने दाबून सगळी हवा घालवा, पातं काढून टाका, गोळा घट्ट गुंडाळून डब्यात परत ठेवा. या वेळी तो फार लवकर वर येतो, पंधरा-वीस मिनिटांवर लक्ष ठेवा. डब्याच्या काठाच्या दोन बोटं खाली असतानाच भाजायला लावा. उंची थोडी कमी मिळेल, जाळी मात्र सारखी पडेल.

मे महिन्यात मी मशीन पहाटे साडेचारला लावते. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पहाटेच्या आधीच भट्टी पेटवतात. घरोघरी ताजा पाव पोचवायचा म्हणून तर ते आहेच, पण पूर्वी माडीने, म्हणजे नारळाच्या झाडाच्या आंबणाऱ्या रसाने, कणीक आंबवत असत, तिला दुपारची गरमी झेपली नसती, हेही मला आता कळतं. आमच्याकडे त्या वेळी स्वयंपाकघर ३० अंशांच्या आसपास असतं, तेवढ्यानेही बर्फ निम्मा लागतो. रात्री सामान भरून टायमर लावायचा मोह मात्र उन्हाळ्यात टाळा. पाणी, पीठ, यीस्ट सहा तास त्या उकाड्यात राहतं, आणि दूध घातलं असेल तर ते नासतं.

वीज गेली तर

बऱ्याच मशीनना थोड्या मिनिटांची आठवण असते. वीज तेवढ्यात आली तर प्रोग्राम पुढे चालू राहतो. किती मिनिटं, ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. त्याहून जास्त वेळ गेली आणि मळणं चालू होतं, तर पुन्हा सुरुवातीपासून लावा. फुगणं चालू असेल तर गोळा आपलं काम करतच असतो. बोटाने बघत राहा आणि वीज आली की थेट भाजायला लावा. वाट बघण्यासारखी नसेल तर डबा फ्रिजमध्ये. भाजताना गेली तर गॅसवर जाड पातेल्यात मीठ पसरून, त्यावर जाळी ठेवून, नानखटाई करतो तसं पूर्ण करता येतं. फक्त ब्रेड मशीनच्या डब्यातून काढून साध्या ॲल्युमिनियमच्या डब्यात घ्यायचा.

बाहेर काढल्यावर कमरेत दबणारा ब्रेड

याचं उत्तर छोटं आहे. भाजून झाल्याचा आवाज आला की पाच मिनिटांत डब्यातून काढा आणि जाळीवर ठेवा. मशीन आपणहून गरम ठेवत राहतं, ती वाफ साल मऊ करते आणि बाजू आत ओढल्या जातात. काढल्यावर पोटात थर्मामीटर घालून बघा, ९३ ते ९६ अंश असेल तर भाजला आहे. कमी असेल तर परत दहा मिनिटं. आणि किमान एक तास कापू नका. घरात वासाने सगळे जमतात, मला माहीत आहे. तरी नका.

सध्या माझ्याकडे मे महिन्यात चालतं ते प्रमाण असं : मैदा २५० ग्रॅम, गव्हाचं पीठ १५० ग्रॅम, बर्फासकट पाणी २७० ग्रॅम, मीठ ७, साखर १५, तेल २० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम, दहाव्या मिनिटाला. साधा प्रोग्राम. डिसेंबरात यीस्ट ५ आणि पाणी कोमट, बाकी काही बदलत नाही.

एक वही ठेवा. तारीख, खोलीचं तापमान, पाण्याचं तापमान, गोळ्याचं तापमान, यीस्ट, आणि माथा कधी बसला. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी सुरुवातीला पाणी, यीस्ट आणि पीठ तिन्ही एकदम बदलत होते, आणि ब्रेड चांगला झाला तरी कशाने झाला ते कळत नव्हतं.

तोवर जे खचतील ते फेकू नका. तळाचा गच्च भाग उन्हात वाळवून चुरा करा, कटलेटला बाजारच्या चुऱ्यापेक्षा छान लागतो. वरच्या जाळीदार भागाचे तुकडे करून मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि भरपूर कांद्यावर परतले तर सकाळचा नाश्ता होतो.